परदेशी शिक्षणाचा जमाखर्च : पहिले ६०,००० कोणी द्यायचे?

खरवई, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात आपल्या समाजाची जी पिढी कारखान्यांत राबली, तिची नातवंडे आज पदवीधर झाली आहेत. त्यांतील काही मुले-मुली आता परदेशातील विद्यापीठांची नावे घेऊ लागली आहेत. घरात मात्र त्या नावापाठोपाठ एकच प्रश्न उभा राहतो, पैसा कुठून आणायचा? प्रश्न रास्त आहे. पण हिशेब न मांडताच काही घरे "हे आपले काम नव्हे" म्हणून गप्प बसतात, तर काही घरे डोळे मिटून कर्जात उडी घेतात. दोन्ही टाळायचे असेल तर वही घेऊन बसले पाहिजे.

बाबासाहेबांनाही पैसा नडला

१९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी बाबासाहेबांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. त्या पैशावर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि १९१६ साली लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. इकडे मुंबईत रमाई हालअपेष्टा सोसून संसार ओढत होत्या. पुढे बाबासाहेबांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून शिल्लक टाकली, छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांच्याकडून ५,००० रुपये उसने घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. एवढ्या विद्वान माणसाचीही तीन वर्षे केवळ पैशापायी गेली, हे आपण विसरू नये. आणि शिष्यवृत्ती, बचत, मदत, उसनवारी हे चारही मार्ग एकत्र आले तेव्हाच काम तडीस गेले, हेही विसरू नये.

खर्चाचे तीन भाग

पहिला भाग प्रवेश मिळण्याआधीचा. पासपोर्टचे १,५०० रुपये. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेचे सुमारे १८,०००. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठे अर्जालाच फी घेतात. सरासरी ७५ डॉलर धरले तर एका अर्जाचे साडेसहा हजार, पाच अर्जांचे ३२,५००. गुणपत्रिकांच्या प्रती, शिक्के, कुरियर यांचे ८,००० धरा. बेरीज झाली ६०,०००. जीआरई परीक्षा लागली तर आणखी वीस-बावीस हजार.

दुसरा भाग विमानात बसण्याआधीचा. इंग्लंडचे उदाहरण घेऊ. २०२५ च्या दराने व्हिसाचे ५२४ पौंड आणि एका वर्षाच्या एम.ए.साठी आरोग्य अधिभाराचे साधारण १,१६४ पौंड. पौंड ११५ रुपयांचा धरला तर हेच जवळजवळ दोन लाख. शिवाय क्षयरोगाची तपासणी आणि तिकीट. स्वखर्चाने जाणाऱ्याला फीखेरीज नऊ महिन्यांच्या राहण्याजेवणाचा पैसा बँकेत सलग २८ दिवस दाखवावा लागतो. नोव्हेंबर २०२५ पासून लंडनसाठी तो महिना १,५२९ पौंड, बाहेर १,१७१ पौंड आहे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, पण वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे बारा लाखांच्या वर, आधी खात्यात अडकवून ठेवावे लागतात. पैसा आपलाच असतो, महिन्याला ९९२ युरो परत मिळतो. पण एकरकमी उभा करायचा कोणी?

तिसरा भाग म्हणजे प्रत्यक्ष फी आणि तिथला संसार. हा डोंगर सर्वांत मोठा, पण नेमक्या याच डोंगरासाठी सरकारी शिष्यवृत्ती आहे.

शिष्यवृत्ती कुठे पुरते, कुठे नाही

राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी आहे. तिच्या जागा ७५. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीच्या जागा १२५, त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींच्या. १९९० च्या दुरुस्तीमुळे त्यात बौद्धांचाही हक्क आहे. दोन्हींत फी, निर्वाह भत्ता आणि विमानभाडे मिळते. पण केंद्राच्या २०२४-२५ च्या नियमांत इंग्लंडचा निर्वाह भत्ता वर्षाला ९,९०० पौंड, म्हणजे महिना ८२५ होता. लंडनमध्ये त्यात खोली आणि जेवण भागवणे कठीण. लहान शहरातले चांगले विद्यापीठ मिळाले तर ते कमी समजू नका. "तिथे काम करून भागवू" या भरवशावरही राहू नका. विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही.

मुख्य अडचण वेगळीच आहे. दोन्ही शिष्यवृत्त्यांना हाती पक्के प्रवेशपत्र लागते. म्हणजे पहिले ६०,००० घरचेच जातात. लाखोंची शिष्यवृत्ती समोर असते आणि होतकरू मुलगी काही हजारांसाठी उंबऱ्याच्या आत राहते.

कर्ज घ्यावे का?

बँका साधारणपणे साडेसात लाखांपुढच्या कर्जाला तारण मागतात, आणि कामगाराकडे तारण म्हणजे राहती खोली. ३० लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी घेतले तर वर्षाचे व्याज ३,३०,००० होते. दोन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष सवलत धरली, तर पहिला हप्ता सुरू होण्याआधीच सुमारे दहा लाख व्याज चढते. म्हणून आमचे सांगणे असे की, दोन्ही शिष्यवृत्त्यांसाठी अर्ज केल्याशिवाय खोलीच्या कागदांना हात लावू नये. एक वर्ष उशीर झाला तरी चालेल, छप्पर जाता कामा नये. "सगळे आम्ही बघतो" म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाच्या नादी तर मुळीच लागू नये.

आज काय करता येईल

एक, कागदपत्रे. पदवीच्या दुसऱ्या वर्षालाच पासपोर्ट काढा. जातीचा दाखला राज्याच्या नमुन्यात आणि केंद्राच्या नमुन्यात, असे दोन्ही काढा. जात पडताळणी करून ठेवा. उत्पन्नाचा दाखला अंबरनाथ तहसील कार्यालयातून वेळेत घ्या, कारण आठ लाखांची वार्षिक मर्यादा त्यावरच तपासली जाते.

दोन, वस्तीचा निधी. आम्ही कारकुनी करणारी माणसे, आम्हाला आकडेच सुचतात. खरवईतील १०० घरांनी महिन्याला ५० रुपये काढले तर वर्षाला बरोबर ६०,००० होतात. म्हणजे दर वर्षी एका मुलाचा किंवा मुलीचा पहिला भाग वस्तीने उचलला. विहाराच्या नावे खाते उघडावे, हिशेब महिला मंडळाकडे द्यावा आणि दर पौर्णिमेला तो फळ्यावर लिहावा. हे दान समजू नये. नोकरी लागल्यावर त्या मुलाने तेवढीच रक्कम परत भरावी, म्हणजे पुढच्याची सोय होईल. नवल भथेनांनी एका मित्रासाठी जे केले, ते १०० घरांना मिळून जड जाऊ नये.

येत्या १४ एप्रिलच्या खर्चाची बैठक प्रत्येक वस्तीत होईलच. मंडप, लायटिंग आणि डीजेच्या यादीत हा एक आकडाही लिहा, एवढीच आमची विनंती आहे.