ठकीचं बाळंतपण

'कुत्रीचं कसलं आलंय बाळंतपण! ती आपली आपण विते,' असं आपल्याकडे कोणीही सहज सांगतं, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. बोळात, बंद दुकानाच्या फळीखाली, वाळूच्या ढिगाआड रात्रीतून पाच-सहा पिल्लं होतात. सकाळी ती चुळबुळताना दिसली की मगच गल्लीला बातमी कळते. दिसत नाहीत त्या अडलेल्या कुत्र्या. त्या कुठंतरी कोपऱ्यात जाऊन मरतात आणि त्यांची मोजदाद कोणी ठेवत नाही. घरातली कुत्री गाभण असली की जी तयारी करायची, ती या दुसऱ्या शक्यतेसाठी. पहिलीसाठी तुमची-आमची तशी गरज नसते.

माझी सारी हयात बँकेत गेली आणि उरलेला वेळ कादंबऱ्या लिहिण्यात. दोन्ही धंद्यांत बाळंतपणाचा अनुभव येत नाही. (लेखनाच्या बाबतीत 'प्रसववेदना' वगैरे म्हणतात खरं, पण तसं म्हणणारे बहुधा पुरुषच असतात.) २०२२ च्या दसऱ्याच्या सुमाराला वाईतल्या आमच्या घराच्या ओसरीवर एक तांबूस गावठी कुत्री येऊन बसू लागली. सौ. तिला ठकी म्हणू लागली, म्हणजे ती आमची झाली. मार्गशीर्ष लागला आणि ठकीचं पोट दिसू लागलं.

कुत्रीचे दिवस सरासरी ६३. पण गाठ पडल्याच्या दिवसापासून मोजायला गेलं, तर ५८ ते ६८ यांत केव्हाही पिल्लं होऊ शकतात. ठकीच्या बाबतीत मोजायची सुरुवात कुठून, हेच ठाऊक नव्हतं. डॉक्टरबाईंनी आधी सोनोग्राफी करून अदमास सांगितला आणि अखेरच्या आठवड्यात एक्स-रे काढायला लावला. 'गावठी कुत्रीचा एक्स-रे!' म्हणून आमच्या कट्ट्यावर आठवडाभर करमणूक झाली. पण पोटातल्या पिल्लांची हाडं ४५ दिवसांच्या सुमाराला एक्स-रेत दिसू लागतात आणि ५५ दिवसांनंतर डोकी नि कणे मोजून नेमका आकडा काढता येतो. आमचा आकडा निघाला पाच. तो मी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय तिजोरी बंद करायची नाही, ही सवय निवृत्तीनंतरही जात नाही.

घरात आता बाळंतिणीच्या खोलीचं वारं सुरू झालं. डिंक आला, हळीव आले. सौ.नं आमच्या सुनेच्या वेळी केले होते तसलेच लाडू वळायला घेतले, आणि डॉक्टरबाईंनी ते फोनवरच थांबवले. बेदाणे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात; थोड्याशानंही काही कुत्री दगावतात. कांदा-लसूण घातलेला उरलासुरला रस्साभातही नको, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तिसरी गोष्ट ऐकून तर मीही चकित झालो: कॅल्शियमच्या गोळ्या बंद! 'दिवस गेलेत, कॅल्शियम द्या' हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. कुत्रीला गरोदरपणी बाहेरून कॅल्शियम देत राहिलं, तर हाडांतलं कॅल्शियम लागेल तसं सोडण्याची शरीराची सवय मोडते. मग पिल्लं जोरात पिऊ लागली की रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येतं. कुत्री धापा टाकते, ताठ पायांनी चालते, थरथरते, झटके येतात. बाळंतपणानंतरच्या तीन-चार आठवड्यांत हे होतं, लहान चणीच्या कुत्र्यांत अधिक, आणि तासा-दोन तासांत उपचार मिळाले नाहीत तर जीव जातो. तेव्हा ठकीला मिळालं ते इतकंच: शेवटचे तीन आठवडे रोजच्यापेक्षा अर्धपट जास्त अन्न, तेही थोडं थोडं, चार वेळा. भरल्या पोटात जागाच कुठं असते?

जागा हा पुढचा प्रश्न. जुन्या दिवाणाच्या फळ्यांची सुताराकडून पेटी करून घेतली. ठकी अंग पसरून आडवी होईल एवढी लांब. पुढची बाजू तिला ओलांडता येईल पण पिल्लांना येणार नाही एवढी उंच. आतून चारी बाजूंना, जमिनीपासून चार बोटं वर, कडेपासून थोडी सुटी अशी एक पट्टी. आई कुशीवर वळली की पिल्लू तिच्यात आणि भिंतीत चिरडतं. पट्टी असली की त्याला तिच्याखाली जागा सापडते. पेटीत रद्दी अंथरायची. वर्तमानपत्राचा हा एक उपयोग संपादकांनी मनावर घेऊ नये. रविवारची पुरवणी अंमळ जाड असल्यामुळे विशेष सोयीची. मात्र पिल्लं झाली की कागद काढून जाड कापड घालायचं. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय घसरतात, सरपटता येत नाही.

पेटी दहा दिवस आधीच माजघराच्या मागच्या खोलीत, येण्याजाण्याच्या वाटेबाहेर ठेवली. ठकीनं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती परसातल्या सरपणामागे माती उकरत बसायची. आमच्याकडे दूध घालणाऱ्या मावशींनी उपाय सांगितला, 'काका, तिचं अंथरूण तिथं टाका आन् तुमी तिथनं निघा. सारखं बगत बसला तर ती कशी बसंल?' मावशींच्या हाताखाली गाई-म्हशींची कितीतरी बाळंतपणं झालेली. ओसरीवरचं तिचं पोतं पेटीत टाकलं, दार लोटून घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी ठकी पेटीत.

तयारीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे थर्मामीटर. (वेगळा आणावा, त्यावर खूण करावी. आमच्या घरात यावरून बरीच चर्चा झाली.) गुदद्वारात घालून सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा. कुत्रीचं तापमान एरवी १०१-१०२ फॅरनहाइट. ते ९९ च्या खाली उतरलं की बहुधा २४ तासांत पिल्लं होतात. १४ डिसेंबरच्या सकाळी आकडा आला ९८.६. ठकीनं खाणं सोडलं, धापा टाकू लागली, पोतं ओरबाडून काढलं. ही पहिली अवस्था सहा ते बारा तास चालते, कधी दिवसभरही. यात माणसानं करायचं काय? लांब बसायचं. धुतलेले पंचे, उकळलेला दोरा, कात्री, आयोडिन, स्वयंपाकघरातला वजनकाटा, वही आणि गाडीची किल्ली एवढं हाताशी असलं की पुरे. डॉक्टरबाईंना सकाळीच कळवून ठेवलं होतं. त्या नसल्या तर खंबाटकी घाटापलीकडे शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; तिथे रात्री कोण असतं, याची चौकशीही आधीच केली होती. अडचण रात्री दोनला येते आणि फोन नंबर तेव्हाच सापडत नाहीत.

पहिलं पिल्लू रात्री ९.४० ला, दुसरं १०.१५, तिसरं ११.३०, चौथं १२.१०. एक पायांकडून आलं. कुत्र्यांत ते नेहमीचंच. पिशवीसकट पिल्लू येतं, ठकी पिशवी फाडे, नाळ तोडे, चाटून चाटून त्याला रडवे. तिसऱ्याच्या वेळी ती दमली होती, तिनं तोंड फिरवलं. अशा वेळी मिनिटभरच थांबायचं असतं. सौ.नं पिशवी फाडली, नाक-तोंड पुसलं, डोकं खाली धरून पंच्यानं खसाखसा चोळलं आणि ते चिरकलं. दोन मुलांची आई आहे ती. तिचा हात थरथरला नाही. मी वहीत वजन लिहिलं : २९० ग्रॅम.

त्यानंतर ठकी झोपली. चार पिल्लं सडांना लागलेली, आई शांत. एक्स-रे नसता तर आम्हीही दिवा मालवून झोपायला गेलो असतो. पण वहीत पाच होते.

पिल्लं पोटात असूनही कळा न देता कुत्री दोन तास विसावली, तर घाबरायचं कारण नसतं. चार तास झाले तर डॉक्टर गाठावा. आणि जोरजोरानं कळा देऊनही वीस-तीस मिनिटांत पिल्लू आलं नाही, तर पुढं एक मिनिटही थांबू नये. पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवट-काळा स्राव दिसला तरी तेच. वार सुटल्याची ती खूण. ठकीच्या कळा २.०५ ला पुन्हा सुरू झाल्या, जोरात. २.३० पर्यंत काही नाही. एका हितचिंतकानं फोनवर सुचवलं, 'गोठ्यातलं पान्ह्याचं इंजेक्शन टोचा, लगेच मोकळी होईल.' म्हणजे ऑक्सिटोसिन. वाट अडलेली असताना ते टोचलं तर गर्भाशय फाटू शकतं. कुठल्याही गाभण जनावराला घरी कधी ते टोचू नये, एवढं मात्र वाचकांनी लक्षात ठेवावं.

तीनला आम्ही दवाखान्यात. चार पिल्लं टोपलीत, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्यांच्यामध्ये. पहिला आठवडाभर पिल्लांना कुडकुडून अंग गरम ठेवता येत नाही आणि गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. आधी ऊब, मग दूध. (पूर्वी पेटीवर ६० वॉटचा दिवा टांगत. हल्लीचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत.) पाचवं पिल्लू सर्वांत मोठं आणि आडवं अडकलेलं होतं. पोट उघडून काढलं तेव्हा ते गेलेलंच होतं. डॉक्टरबाईंनी विचारून त्याच वेळी ठकीचं गर्भाशयही काढलं. सहाच्या सुमाराला ती शुद्धीवर आली आणि गुंगीतच टोपलीच्या दिशेनं मान वळवली. दूध येण्याचा गर्भाशयाशी संबंध नसतो. चौघं तिच्यावरच वाढली. गाईच्या दुधाची वेळ आली नाही, ते बरंच झालं. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गाईच्या दुपटीहून अधिक असतात.

बाराव्या दिवशी डोळे उघडले, पंधराव्या दिवशी जंताचं औषध, आठव्या आठवड्यात घरं शोधणं. खरं अवघड बाळंतपण इथून सुरू झालं. एक नर आणि तीन माद्या. नराला पाच गिऱ्हाइकं; माद्यांचं नाव काढलं की 'नको हो, पुन्हा पिल्लांचं लचांड.' शिकलेल्या, दोन मुलींच्या बापांनी हे मला हसत हसत सांगितलं. मादी सहा ते बारा महिन्यांत माजावर येते, त्याआधी छोटी शस्त्रक्रिया केली की लचांड संपतं, हे ऐकायला कोणी तयार नव्हतं.

शेवटी नर भुईंजच्या एका मळ्यात गेला आणि दोन माद्या पाचगणीच्या वाटेवरच्या दोन घरांत. तिसरी आमच्याकडेच राहिली. देताना मी प्रत्येकाकडून कर्जाच्या कागदासारखा एक कागद सही करून घेतला : सहा महिन्यांत शस्त्रक्रिया, रेबीजची लस, दोन्हीच्या पावत्या दाखवणे. तिन्ही पावत्या आल्या. एकाला तीन स्मरणपत्रं धाडावी लागली.