बॉब मॅसी यांचं रक्त

रॉबर्ट मॅसी यांचं ‘निकोलस अँड अलेक्झांड्रा’ (१९६७) लोक रशियन राज्यक्रांतीसाठी वाचतात. मला मात्र त्या पुस्तकाने भलत्याच मुलाच्या मागे लावलं: लेखकाच्या स्वतःच्या. बॉबला हिमोफिलिया होता, म्हणजे रक्त नीट गोठत नव्हतं. त्याच्या दुखण्यानेच बाप झारच्या, हाच आजार असलेल्या युवराजापर्यंत पोहोचला.

पुढे रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर आठची भुकटी आली. हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून ती बनवत. रक्तस्राव थांबू लागला. पण त्याच भुकटीतून बॉबच्या अंगात हेपटायटिस सी शिरला आणि एचआयव्हीही, बहुधा १९७८मध्ये, एड्सला नावसुद्धा नव्हतं तेव्हा. त्याच्यासारखे हजारो हिमोफिलियाग्रस्त यात गेले, आणि भुकटीच्या त्या धंद्याला मी हे माफ करू शकत नाही. बॉब मॅसी मात्र पाद्री झाले, १९९४ साली मॅसॅच्युसेट्सच्या लेफ्टनंट गव्हर्नरपदासाठी उभे राहिले, हरले. एचआयव्हीची औषधं न घेता ते कित्येक वर्षं टिकून होते.

बोस्टनचे संशोधक ब्रूस वॉकर यांनी त्यांचं रक्त तपासायला घेतलं. टी पेशीला, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या शिपायाला, अख्खा विषाणू ओळखता येत नाही. बाधित पेशी आतल्या विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे करते आणि एचएलए रेणूच्या खाचेत बसवून पृष्ठभागावर मांडते. मारक टी पेशी तुकडा आणि खाच मिळूनच ओळखते. सहायक टी पेशींसाठी एचएलएचा दुसरा प्रकार असतो, आणि एचआयव्ही नेमका या सहायकांनाच मारतो. त्यामुळे बहुतेक बाधितांत विषाणू ओळखणारे सहायक जेमतेम सापडत.

मॅसींच्या पेशींना विषाणूचं पी२४ हे प्रथिन दिलं. पेशी विभागल्या तर नवा डीएनए बनवतात, म्हणून सोबत किरणोत्सारी थायमिडीन घातलं. ते किती शोषलं जातं, हे मोजायचं. पेशी जोमाने वाढल्या. सहायक शाबूत होते आणि शत्रूला ओळखत होते. रोझेनबर्ग, वॉकर आणि सहकाऱ्यांचा हा शोध १९९७मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. लसीच्या चर्चेत प्रतिपिंडांचंच कौतुक होत असताना, माझ्या मते, या निबंधाचं मोल फार मोठं आहे.

मग मारक पेशींचं काय? औषधांविना विषाणू काबूत ठेवणाऱ्या शेकडो लोकांचे जीनोम वॉकर यांच्या गटाने इतर बाधितांशी ताडून पाहिले. २०१०मध्ये निष्कर्ष आला: ठळक फरक सगळे सहाव्या गुणसूत्रावर, एचएलएच्या भागात, आणि त्यातही खाचेतल्या मोजक्या अमिनो आम्लांत. एचएलए-बी२७ या प्रकाराचंच घ्या. त्याच्या खाचेत विषाणूच्या कवचाच्या प्रथिनाचा दहा अमिनो आम्लांचा तुकडा बसतो. २६४व्या जागचं आर्जिनिन बदललं की विषाणू मारक पेशींच्या नजरेतून सुटतो, पण कवच लुळं पडतं. ते सावरायला १७३व्या जागीही बदल लागतो. ही जुळणी व्हायला बहुधा वर्षं जातात. तेवढी वर्षं माणसाला मिळतात.

बी५७ची खाच याहून सरस मानतात, आणि तिचाच एक प्रकार असलेल्यांना एचआयव्हीवरचं अबॅकाविर हे औषध घातक ठरू शकतं. औषध खाचेच्या तळाशी जाऊन बसतं, तिथे शरीराचेच वेगळे तुकडे मांडले जाऊ लागतात, मारक पेशी त्यांना परके समजून तुटून पडतात. ताप, पुरळ, कधी मृत्यू. म्हणून अबॅकाविर सुरू करण्याआधी ही खाच आहे का, हे रक्तात तपासायला सांगतात.