गाडी घरची, ट्रॉली घरची. पण माल धंद्याचा

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी हे आजरा आणि चंदगड या तालुक्यांतील गावांनाही जवळ पडणारे बाजाराचे गाव. कापडाचे गठ्ठे, भांडी, फळांचे क्रेट, गाद्या-उशा, लोखंडी दारे-खिडक्या असा माल घेऊन आपले व्यापारी व कारागीर बंधू आसपासच्या आठवडी बाजारांना जातात. एके काळी हा माल बैलगाडीतून किंवा एसटीच्या टपावरून जात असे. आता कोणाच्या दारात जीप असते, कोणाच्या भावकीत ट्रॅक्टर असतो. मागे एक ट्रॉली जोडली की काम भागते. गाडी आपली, माल आपला, भाडे कोणाकडून घेतलेले नाही. तेव्हा कायद्याचा संबंध येतो कुठे, असे मानणारे पुष्कळ आहेत. आमच्या मते हा समज महागात पडणारा आहे. दंडाची पावती फाटते ही त्यातली लहान गोष्ट. अपघात झाला आणि विमा कंपनीने हात वर केले तर दुकान आणि घर दोन्ही पणाला लागतात, ही खरी गोष्ट आहे. म्हणून हा विषय थोडा सविस्तर मांडत आहोत.

सध्या लागू असलेला मोटार वाहन कायदा १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. या कायद्यात 'मोटार वाहन' या शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यात ट्रेलरचाही समावेश केलेला आहे. ट्रॉलीला इंजिन नसते, म्हणून ती गाडी नव्हे, हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. कायद्याच्या दृष्टीने ट्रॉली ही स्वतंत्र गाडी आहे. तिची स्वतंत्र नोंदणी करावी लागते आणि विम्यातही तिचा वेगळा विचार होतो. कलम ६१ प्रमाणे ट्रॉलीचा स्वतःचा नंबर तिच्या बाजूवर लिहिलेला हवा आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रॉलीवर हवा. एकाहून अधिक ट्रॉल्या असल्यास तो शेवटच्या ट्रॉलीवर हवा. आपल्या भागात धावणाऱ्या किती ट्रॉल्यांवर असे दोन्ही नंबर दिसतात, हे वाचकांनी स्वतःच पाहावे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. खासगी गाडीमागे ट्रेलर जोडून काय नेता येते? याचे उत्तर 'माल' या शब्दाच्या व्याख्येत आहे आणि आमच्या अनुभवाप्रमाणे नेमकी हीच ओळ फार थोड्यांनी वाचलेली असते. माल म्हणजे जिवंत माणसे सोडून गाडीतून नेली जाणारी कोणतीही वस्तू; जनावरेही त्यात आली. मात्र मोटारीतून, किंवा मोटारीला जोडलेल्या ट्रेलरमधून, नेले जाणारे सामानसुमान आणि वैयक्तिक वापराच्या वस्तू यांना कायदा माल म्हणत नाही. म्हणजे मुलीच्या लग्नानंतर तिचे कपाट, पलंग, भांडीकुंडी आपल्या मोटारीमागच्या नोंदणीकृत ट्रेलरमधून सासरी पोचवली तर ते घरचे सामान झाले. तशीच दहा कपाटे विकण्यासाठी बाजारात नेली तर तो माल झाला. गाडी तीच, ट्रेलर तोच, रस्ताही तोच. वस्तू नेण्याचे कारण बदलले की कायद्याचे उत्तर बदलते.

आणि माल झाला म्हणजे पुढची साखळी आपोआप सुरू होते. मालवाहू गाडी कोणती, हे सांगताना कायद्याने दोन प्रकार सांगितले आहेत. एक, जी गाडी मालासाठीच बांधली आहे ती. दुसरी, जी तशी बांधलेली नाही, परंतु माल नेण्यासाठी वापरली जात आहे तीही. या दुसऱ्या प्रकारामुळे घरची जीप बाजाराच्या दिवशी मालवाहू गाडी ठरू शकते. मालवाहू गाडी ही 'परिवहन वाहन' या वर्गात मोडते आणि परिवहन वाहन रस्त्यावर आणायचे तर त्या वर्गाची नोंदणी, योग्यता प्रमाणपत्र आणि कलम ६६ प्रमाणे परवाना लागतो. 'मी भाडे घेत नाही' हे उत्तर इथे पुरत नाही. मालवाहतुकीचा परवानाधारक स्वतःच्या धंद्याचा माल त्या परवान्यावर नेऊ शकतो, असे कलम ६६ मध्येच म्हटले आहे. म्हणजे स्वतःच्या धंद्याचा मालही परवान्याच्या कक्षेतच येतो, हे उघड आहे. परवान्याविना माल नेल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद अशी कायद्यातील शिक्षा आहे. जागेवर घेतली जाणारी तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवते, ती वेगळी.

केंद्र सरकारने ५ नोव्हेंबर २००४ रोजी एक अधिसूचना काढून कोणती गाडी परिवहन वर्गात आणि कोणती बिगर-परिवहन वर्गात, याची यादी दिली. खासगी वापराचा ट्रेलर बिगर-परिवहन यादीत आहे. मालासाठी ट्रेलर जोडलेली मोटारसायकल मात्र परिवहन यादीत आहे; फटफटीला चाकांचा गाडा जोडून भाजी किंवा भंगार नेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. जनरेटर, कॉम्प्रेसर, बोअरचे यंत्र अशी साधने कायम बसवलेले ट्रेलर मात्र बिगर-परिवहन यादीत आहेत. मंडप-लाइटवाले आणि कॉम्प्रेसरवर काम करणारे कारागीर यांच्या हे सोयीचे आहे. आपले नदाफ बंधू पिंजण्याचे यंत्र चाकांवर बसवून गावोगाव गाद्या भरून देतात. त्यांनी अशा ट्रेलरची नोंद कोणत्या वर्गात होईल हे कोल्हापूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून आधी लेखी घ्यावे, कारण साधन बसवलेला ट्रेलर निराळा आणि साधन लादून नेणारा ट्रेलर निराळा.

ट्रॅक्टर-ट्रॉलीची गोष्ट

आपल्याकडे ट्रेलर म्हटले की ट्रॅक्टरची ट्रॉलीच डोळ्यांसमोर येते, म्हणून तिच्यावर जरा थांबले पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत शेतीचा ट्रॅक्टर बिगर-परिवहन वाहन आहे आणि शेतीचा ट्रेलर म्हणजे मुख्यतः शेतीमाल नेण्यासाठी वापरला जाणारा ट्रेलर. ऊस, भात, काजू, शेणखत यांसाठी ही सवलत आहे. त्याच ट्रॉलीतून विटा, वाळू, सिमेंट, दुकानाचा किराणा जाऊ लागला की सवलतीचा आधार सुटतो. ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून माल वाहत असतील तर ती जोडी मालवाहू गाडी ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कर्नाटकातील एका प्रकरणात स्पष्ट केले.

आपल्या लोकांना सर्वांत जवळचा वाटेल असा निकाल २००७ चा आहे. वीटभट्टीसाठी माती नेणाऱ्या ट्रॉलीवरून पडून एक मजूर जखमी झाला. ट्रॅक्टरचा विमा होता, पण तो शेतीकामापुरता. ट्रॉलीचा विमा तर नव्हताच. विमा कंपनीवर जबाबदारी येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. मजूर गरीब, त्याचे हाल होऊ नयेत म्हणून कंपनीने आधी त्याला भरपाई द्यावी आणि मग ती रक्कम मालकाकडून वसूल करावी, असा आदेश मात्र दिला. मजुराला न्याय मिळाला, ते योग्यच झाले. पण मालकाच्या बाजूने पाहा. विम्याचा हप्ता भरलेला असूनही भरपाईचा सगळा बोजा त्याच्याच डोक्यावर आला. अपघात न्यायाधिकरणाची रक्कम थकली तर कलम १७४ प्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते. याचा अर्थ गावाकडच्या माणसाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

निकाल सगळे एकाच बाजूचे आहेत असे नाही. २०१४ च्या एका प्रकरणात ट्रॉलीत वाळू होती, एवढ्यावरून ट्रॅक्टर धंद्यासाठी वापरला जात होता असे ठरत नाही. ते विमा कंपनीने पुराव्याने सिद्ध केले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. ती वाळू शेताजवळ पाण्याची टाकी बांधण्यासाठी चालली होती. चालकाच्या लायसनबद्दलही २००१ मध्ये दिलासा मिळालेला आहे. ट्रॅक्टर चालवण्याचे लायसन असलेल्या चालकाचे लायसन, मागे माल भरलेली ट्रॉली जोडली म्हणून निरुपयोगी ठरत नाही. पुढे ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने, हलक्या वाहनाचे लायसन असलेली व्यक्ती ७,५०० किलोपर्यंतचे परिवहन वाहन चालवू शकते, हा २०१७ चा निर्णय कायम केला. लायसनची बाजू त्यामुळे बरीच सुटसुटीत झाली आहे. अडचण राहते ती नोंदणी, परवाना आणि विमा यांची.

एक सवय मात्र तातडीने सोडली पाहिजे. बाजार संपल्यावर गडी-माणसे, कधी बायका-मुलेही, मालावर बसून परततात. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसणारे तर रोज दिसतात. ट्रॅक्टरवर चालकाखेरीज कोणी बसू नये असा नियम आहे आणि अशा माणसांच्या अपघातात विमा कंपनीशी भांडत वर्षे जातात. उसाच्या हंगामात अंधारात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळण्याचे प्रकार आपल्याला नवीन नाहीत. लाल रिफ्लेक्टरला किती पैसे पडतात, त्याचा हिशेब आम्ही सांगण्याची गरज नसावी.

विम्याची कागदे काढून पाहा

खासगी मोटारीच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असा एक परिच्छेद असतो. सहसा तो कोणी वाचत नाही. त्यात भाड्याने वापर आणि मालवाहतूक या दोन्ही गोष्टी वगळलेल्या असतात. कंसात सूट असते ती फक्त नमुन्यांना आणि वैयक्तिक सामानाला. म्हणजे कापडाचा व्यापारी चार नमुन्याचे ठाण दाखवायला मोटारीतून घेऊन गेला तर हरकत नाही. चाळीस ठाण विकायला नेले तर पॉलिसी बाजूला राहते. ट्रेलर जोडायचा असेल तर जादा हप्ता भरून पॉलिसीवर तसा शेरा मारून घ्यावा लागतो. एजंट 'काही होत नाही' म्हणाला तरी शेरा कागदावर पाहूनच उठावे. विमाच नसलेली गाडी किंवा ट्रॉली रस्त्यावर सापडल्यास पहिल्या वेळी २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. दोन्हीही होऊ शकते. परवाना नसताना झालेला अपघात हा पॉलिसीच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आणि तिथेही आधी कंपनीने द्यावे, मग मालकाकडून वसूल करावे, हाच मार्ग राहिला.

आपल्यात वेल्डिंगचे आणि लोहारकामाचे कारागीर बरेच आहेत. गिऱ्हाईक जीप घेऊन येते आणि 'मागे हुक मारून दे' किंवा 'जुन्या अ‍ॅक्सलवर ट्रॉली बांधून दे' म्हणते. दोन पैसे मिळतात, म्हणून काम हाती घेतले जाते. पण कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत विनापरवानगी बदल करता येत नाही आणि तसा बदल करून घेणाऱ्या मालकाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कारागिराने असे काम घेण्याआधी परिवहन कार्यालयाची परवानगी मागून घ्यावी आणि तिची प्रत आपल्या दुकानात ठेवावी. बिलावर माप, वजनक्षमता आणि तारीख लिहावी. इंजिन बसवून गाडा तयार करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, 'जुगाड' हेसुद्धा मोटार वाहनच असून त्याला नोंदणी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितले आहे.

मग लहान व्यापाऱ्याने करायचे काय? आमचे मत विचाराल तर, आठवड्याला दोन-तीन बाजार करणाऱ्याने जीपमागे ट्रॉली ओढण्याचा नाद सोडून लहान मालवाहू गाडी घ्यावी. ज्या मालवाहू गाडीचे मालासह एकूण वजन ३,००० किलोंपेक्षा जास्त नाही, तिला कलम ६६ मधील परवान्याची गरज नाही. ज्याला आपण छोटा हत्ती म्हणतो ती गाडी बहुधा यात बसते. तरी नोंदणी पुस्तकातील आकडा पाहूनच घ्यावी. विजेवर चालणाऱ्या मालवाहू रिक्षांनाही २०१८ पासून परवान्यातून सूट आहे. परवाना नको म्हणजे बाकी काही नको असे नाही. परिवहन वर्गाची नंबरप्लेट, मालवाहू वर्गाचा विमा आणि योग्यता प्रमाणपत्र हे लागतेच. प्रमाणपत्र गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. क्षमतेपेक्षा जास्त माल भरल्यास २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड कायद्यात आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवून घेतला जातो.

नेसरीकरांना संकेश्वर आणि बेळगाव ही जवळची बाजारपेठ, त्यामुळे राज्याची हद्द ओलांडणे नेहमीचेच. परवाना लागणाऱ्या मोठ्या गाडीला कर्नाटकात जाताना त्या राज्याची प्रतिस्वाक्षरी किंवा राष्ट्रीय परवाना हवा. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने ५०,००० रुपयांवरचा माल पलीकडे नेताना ई-वे बिलही काढावे लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाखाची आहे. या बिलात गाडीचा नंबर भरावा लागतो आणि नंबरावरून गाडी खासगी वर्गाची की परिवहन वर्गाची, हे तपासणी करणाऱ्याला जागेवरच कळते.