हळदोण्याचा ट्रम्पेट

१९५१ सालच्या ‘अलबेला’तलं एक क्लबगीत अजूनही टीव्हीवर लागतं. समोर भगवानदादा असले की मागे झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून वाजवणाऱ्या मंडळींकडे कोण बघतो? पण ती खरीखुरी वादक मंडळी होती आणि त्यांचा म्होरक्या ट्रम्पेटवाला होता. धंद्यातलं नाव चिक चॉकलेट. घरचं नाव आंतोनियो शावियेर वाझ. जन्म १९१६, गाव बार्देशातलं हळदोणे.

मुलानं मेकॅनिक व्हावं, चार पैसे इभ्रतीनं मिळवावेत, असं त्याच्या आईला वाटे. पोराच्या डोक्यात मात्र ट्रम्पेट. ही ओढ गोव्यात नवलाची नव्हती. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांत गावचा मेस्त्री, म्हणजे संगीतशिक्षक, पोरांना आधी सोल्फेज घोकायला लावी. स्वर वाचता आल्याशिवाय हाती वाद्य मिळत नसे. त्यातून तयार झालेला पोरगा मिसेला वाजवी, फेस्ताच्या मिरवणुकीत वाजवी, लग्नातही वाजवी. पण गावात त्यावर पोट भरत नसे. मग मुंबईची वाट. धोबीतलावला किंवा माझगावला आपल्या गावाची ‘कूड’, म्हणजे गावकऱ्यांनी एकत्र राहायची जागा, असे. तिथे पेटी ठेवायची आणि काम शोधायचं.

त्या काळच्या तरुण वादकाला मुंबईत सगळ्यांत मोठं दिसे ते ताजमहाल हॉटेल. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद घेऊन तिथे आला. मागोमाग ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. गोव्याच्या पोरांना कागदावरचं वाचता येत होतंच. कागदावर नसलेलं वाजवायचं कसं, हे त्यांनी या पाहुण्यांकडून उचललं. चिकनं तर लुई आर्मस्ट्राँगचा खरखरीत आवाजसुद्धा घेतला. ‘भारताचा आर्मस्ट्राँग’ ही पदवी त्याला लोकांनी दिली. पुढे त्याचा स्वतःचा बँड ताजमध्ये वाजू लागला.

हॉटेलचं काम मानाचं, पण बेभरवशाचं. १९४९चा दारूबंदी कायदा आला आणि रात्रीच्या मैफलींचा नूर उतरला. सिनेमाच्या स्टुडिओत मात्र तेव्हा माणसं हवी होती. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, चाल पेटीवर बांधत. तिच्यात ट्रम्पेट कुठे शिरेल, व्हायोलिन कुठे थांबतील, हे प्रत्येक वादकापुढच्या कागदावर उतरवायला नोटेशन जाणणारा माणूस लागे. हे काम गोंयकारांच्या हातात आलं. ‘समाधी’ आणि ‘अलबेला’च्या संगीतात चिकचा हात होता.

स्टुडिओत वाजवताना चूक परवडत नसे. गायक आणि सगळे वादक एकाच वेळी रेकॉर्ड होत. ट्रम्पेटचा आवाज मोठा, म्हणून वादक माईकपासून लांब. ओठ थकले आणि एक स्वर फाटला, की गाणं पुन्हा पहिल्यापासून. मेस्त्रीच्या छडीचं मोल पोरांना इथे कळत असावं.

यापुढची पायरी म्हणजे स्वतःच्या नावावर चित्रपट. ती चिक चढला. ‘नादान’ (१९५१) आणि ‘रंगीली’ (१९५२) त्याचे. पण तिथे तो टिकला नाही. १९६७ साली, वयाच्या ५१व्या वर्षी तो गेला.

कुडचड्याचा फ्रँक फर्नांड हाही ट्रम्पेटवालाच. तो हॉटेलांतून स्टुडिओत आला, अरेंजर झाला आणि नंतर त्यानं थेट कोकणी चित्रपट काढले: ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६). मडगावच्या ख्रिस पेरीनं कोकणी गाण्यांत ट्रम्पेटला असं बसवलं, की गायिका लॉर्नाच्या आवाजाइतकीच त्याची फुंकरही लोकांच्या कानात राहिली. या दोघांना नाव मिळालं ते मुख्यतः आपल्या भाषेत.

हिंदी सिनेमानं गोव्याच्या वादकांकडून घेतलं भरपूर, श्रेय दिलं हातचं राखून. संगीतकाराचं नाव पाटीवर झळके. अरेंजर झालाच तर ‘सहायक’ आणि वाजवणारे सगळे मिळून ‘वाद्यवृंद’. नरेश फर्नांडिस आणि ग्रेगरी बूथ यांनी म्हाताऱ्या वादकांना गाठून पुस्तकं लिहिली, तेव्हा कुठे यांतली बरीच नावं छापून आली.

आज एखादी मुलगी किंवा मुलगा ट्रम्पेट घेऊन स्टुडिओची स्वप्नं बघत असेल, तर त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं: वाचायला शिका, रियाज चुकवू नका आणि पहिल्याच कामाला, मानधनाच्या आधी, आपलं नाव कुठे लागणार ते विचारा.