भायखळ्यात साम्राज्याचा धडा

आठवीच्या वर्गात इंग्रजी सत्ता येते ती लढाया, तह आणि गव्हर्नर जनरल यांच्या रांगेतून. मुलं सनावळ्या पाठ करतात, पण राज्य करणारे वस्तू कशा गोळा करत, माणसांची वर्गवारी कशी करत, हे त्यांना दिसत नाही. ते दाखवायला भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयासारखी जागा नाही.

सुरुवात बाहेरूनच करावी. तिथे काळ्या दगडाचा एक भव्य हत्ती उभा आहे. आधी काहीच सांगू नये. मुलांना त्याच्याभोवती फिरू द्यावं, अंगावरचे सांधे शोधू द्यावेत. ‘हा तुटला कसा?’ हा प्रश्न आला की बोलायला लागावं. हत्ती घारापुरीचा. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं ते याच्यावरूनच. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना यारीची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते या बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले गेले. मग मुलांना विचारावं: बेटावर असताना हत्ती कुणाचा होता? तो न्यायचा अधिकार कुणी कुणाला दिला? साखळी टिकली असती तर आज तो बघायला आपण कुठे गेलो असतो? उत्तर सांगून मोकळं होऊ नये. वाद रंगला तर रंगू द्यावा, यातच अर्धा धडा होतो.

आत शिरताना इमारतीची हकिकत थोडक्यात पुरे. संग्रहाची सुरुवात १८५५ ची. त्या वर्षी पॅरिसला मोठं प्रदर्शन भरलं होतं, आणि आपल्याकडचा कच्चा माल नि कारागिरी युरोपला दाखवण्याच्या खटपटीतूनच हा संग्रह उभा राहिला. आजची इमारत १८७२ मध्ये खुली झाली, व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांच्या नावाने. पण तिच्यासाठी झटणाऱ्यांत नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी होते, हे आवर्जून सांगावं. त्यांना या संस्थेतून शहरासाठी काय हवं होतं, यावर मुलांनी विचार करावा. सगळे इंग्रज एका बाजूला आणि सगळे आपले दुसऱ्या बाजूला, असा सोपा हिशेब इथे चालत नाही. १९७५ मध्ये संग्रहालयाला भाऊ दाजींचं नाव मिळालं.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो मातीच्या छोट्या पुतळ्यांना. निरनिराळ्या जातीजमातींची, धंद्यांची माणसं आपापल्या पोशाखात इथे मांडली आहेत. काम इतकं बारीक की मुलं काचेला नाक लावतात. कारागिरीचं कौतुक मनापासून करू द्यावं. नंतर एक पुतळा निवडून त्याचं वर्णन लिहायला सांगावं: कपडे, पागोटं, हातातलं हत्यार. वर्णन झालं की विचारावं, या माणसाचं नाव काय? पुतळ्यावरून ते कळत नाही. कळते ती जात किंवा धंदा. संग्रहालय उघडलं त्याच १८७२ साली मुंबई इलाख्यात खानेसुमारी झाली, तीही माणसांना धर्म, जात, धंदा अशा रकान्यांत बसवणारी. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की मोजणं आणि मांडणं हीसुद्धा राज्य चालवायची साधनं होती, हे तेरा वर्षांच्या मुलालाही उमगतं. माझ्या मते ही संपूर्ण सहलीतली सर्वांत मोलाची घटका आहे. वेळ कमी पडला तर बाकीची दालनं सोडावीत, ही नको.

परत निघताना काळा घोडा बघावा. एडवर्ड सातवा युवराज असतानाचा हा पुतळा १८७९ चा. १९६५ मध्ये फोर्टातून हलवला आणि या बागेत आला. चौकातला पुतळा काढणं योग्य होतं का, यावर शाळेत दोन बाजू करून चर्चा घेता येते.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने एका वस्तूसाठी नवी पाटी लिहावी. कुणी घडवली, कुणी मागवली, इथवर कशी आली आणि कुणाचं म्हणणं नोंदलंच गेलं नाही, एवढं त्यात यावं. पाट्या वर्गाच्या भिंतीवर लावाव्यात आणि एकमेकांच्या पाट्यांवर मुलांनीच शंका लिहाव्यात.