मुंगी आली, ती कां आली?

मुंगी ठाऊक नाहीं असें घर आपल्याकडे सांपडावयाचें नाहीं. आपल्यांतील कित्येकांच्या आजीबाई सकाळीं झाडाच्या बुंध्याशीं चिमूटभर साखर किंवा पीठ मुंग्यांसाठीं टाकीत असत; आणि त्याच आजीबाई साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या कीं तो उन्हांत ठेवून त्यांना हुसकावीतही असत. दानधर्म आणि डब्याची राखण या दोहोंत त्यांना विसंगति वाटत नसे. आज मी ज्या मुंग्यांविषयीं बोलणार आहें, त्या घराभोंवतालच्या बागेंतल्या व गच्चीवरील कुंड्यांतल्या. जास्वंदीच्या कळीवर आणि लिंबोणीच्या कोंवळ्या शेंड्यावर रांग लावणाऱ्या.

मी कांहीं कीटकशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालों आणि आयुष्य खडू-फळ्यांत गेलें. निवृत्तीनंतर परसांत कागदी लिंबाचें एक झाड लाविलें. तिसऱ्या वर्षीं त्याला पहिला बहर आला, आणि त्याच सुमारास बुंध्यावर काळ्या मुंग्यांची अखंड रांग सुरू झाली. शेंडे आक्रसले, पानें चिकट झालीं, आणि त्यांवर काजळी धरल्यासारखी दिसूं लागली. मुंग्याच झाड खात आहेत, असा मीं निकाल देऊन टाकला. मुळाशीं कीटकनाशक पूड टाकली आणि बुंध्याभोंवतीं बाजारांत मिळणाऱ्या विषारी खडूच्या दोन रेघा ओढिल्या. आठ दिवस मुंग्या दिसल्या नाहींत. नवव्या दिवशीं त्या परत आल्या. कळ्या मात्र तोंवर गळून गेल्या होत्या.

याहून वाईट गोष्ट पुढेंच आहे. तो खडू मीं ओट्याच्या कोपऱ्यांत ठेविला होता. एके दुपारीं माझा चार वर्षांचा नातू त्याच खडूनें फरशीवर 'ग म भ न' काढतांना दिसला. अक्षरें गिरवावयास मींच त्याला शिकविलें होतें. खडू हातीं आल्यावर तें मूल दुसरें काय करणार? त्याचे हात धुऊन तसाच डॉक्टरांकडे धांवलों. अनर्थ झाला नाहीं. परंतु ज्या वस्तूनें जन्मभर अक्षरें शिकविलीं, तिच्याच रूपाचें विष मीं मुलाच्या हाताशीं ठेविलें, ही टोंचणी अजून गेलेली नाहीं. त्या दिवसापासून मुंग्या मारण्याआधीं मी त्यांच्याकडे पाहूं लागलों. जें दिसलें, आणि पुढें वाचून जें समजलें, तें आज आपणांस सांगतों.

पहिली गोष्ट ही कीं, आपल्या बागेंतली मुंगी सहसा झाडाचीं पानें खात नाहीं. पानें कातरून वारुळांत नेणाऱ्या मुंग्या आहेत. पण त्या अमेरिका खंडांतल्या. मग आपल्या मुंग्या शेंड्यापर्यंत कशासाठीं चढतात? पान उलटून पाहावें, म्हणजे उत्तर मिळतें. तेथें हिरवा किंवा काळा मावा असतो, कापसाच्या कणांसारखा पिठ्या ढेकूण असतो, नाहींतर देंठाला चिकटलेली खवले कीड असते. हे किडे झाडाचा रस शोषितात. त्या रसांत साखर पुष्कळ आणि शरीर वाढविणारीं द्रव्यें थोडीं. म्हणून त्यांना रस फार प्यावा लागतो, आणि जास्त झालेली साखर ते गोड, चिकट थेंबांच्या रूपानें बाहेर टाकितात. मुंगी आपल्या मिशांनीं माव्याला हळूच थोपटते आणि तो थेंब पिते. गवळ्यानें गाय पिळावी तसाच हा प्रकार. सांडलेल्या थेंबांवर काळी बुरशी वाढते. माझ्या झाडावरची काजळी ती हीच. ती पान खात नाहीं, पण पानाचें ऊन अडविते.

गवळी जसा गाईला राखतो, तशी मुंगी माव्याला राखते. ठिपक्यांचा ढालकिडा हा माव्याचा मोठा शत्रु. तो आला कीं मुंग्या त्याला हांकलून देतात. पिठ्या ढेकणाच्या अंगांत अंडीं घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या असतात, त्यांनाही मुंग्या सुखानें काम करूं देत नाहींत. या माश्यांचें सामर्थ्य केवढें आहे पाहा. २००८ सालीं तामिळनाडूंत कोइमतूरकडे पपईवर परदेशांतून आलेला एक नवा पिठ्या ढेकूण आढळला. पुढें तो महाराष्ट्रांतही पसरला आणि औषधांना दाद देईना. २०१० सालीं पोर्तो रिकोहून त्याच्या शत्रु असलेल्या अशाच बारीक माश्या आणून सोडल्या, तेव्हां तो आटोक्यांत आला. मीं मुळाशीं पूड टाकली तिनें कांहीं मुंग्या मेल्या खऱ्या. पण पानाखालचा पिठ्या ढेकूण सुरक्षितच राहिला. भोजन वाढलेलें ठेवून मीं पाहुण्यांना दाराबाहेर काढीत होतों.

दुसरी गोष्ट रांगेची. अन्न सांपडलेली मुंगी परततांना जमिनीवर गंधाची रेघ ओढीत येते, आणि मागच्या मुंग्या त्या वासावर चालतात. अठराव्या शतकांत जिनीव्हा येथील शार्ल बोने या निसर्गशास्त्रज्ञानें मुंग्यांच्या वाटेवर आडवें बोट फिरविलें, तेव्हां दोहों बाजूंच्या मुंग्या त्या जागीं येऊन घोटाळल्या. हा प्रयोग आपणांसही भिंतीवर करितां येईल. यासाठीं नुसत्या मुंग्या पुसून भागत नाहीं; वाटच साबणाच्या पाण्यानें धुवावी लागते. हळदीची किंवा दालचिनीच्या पुडीची रेघ त्यांना थोडा वेळ अडविते, इतकेंच. दुसऱ्या दिवशीं त्या वळसा घालून येतात.

आतां उपाय क्रमानें सांगतों.

प्रथम अन्न तोडावें. जो शेंडा किडीनें पार भरला असेल तो कापून, पिशवींत बांधून टाकावा. बाकीच्या पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याची जोराची धार मारावी. मग एक लिटर पाण्यांत चहाचा एक चमचा सौम्य द्रव साबण मिसळून, संध्याकाळीं, ऊन उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंस फवारावें; हवें तर त्यांत तितकेंच कडुलिंबाचें तेल घालावें. आधीं चार पानांवर फवारून दोन दिवस थांबावें, म्हणजे झाडाला तें सोसतें कीं नाहीं हें कळतें. पांच-सहा दिवसांच्या अंतरानें तीनदां फवारणी करावी. झाडाला युरिया अतोनात घालूं नये. त्यानें शेंडे लुसलुशीत होतात, आणि असे शेंडे माव्याला फार प्रिय.

दुसरें, वाट बंद करावी. बुंध्याला चार बोटें रुंद कापडाची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस चोपडावें. सालीवर थेट चोपडूं नये, सालीला इजा होते. मीं पट्टी बांधली तरी मुंग्या चढतच होत्या. दोन दिवस शोधल्यावर दिसलें कीं एक फांदी कुंपणाच्या भिंतीला टेंकली होती. फांदी छाटली आणि वाट मिटली.

तिसरें, कुंड्या. कोरड्या, भुसभुशीत मातीच्या कुंडींत मुंग्या बिऱ्हाड करितात. मृगाच्या सरींनीं जमिनींतील घरें बुडालीं म्हणजेही त्या अंडीं उचलून कुंड्यांत शिरतात. अशी कुंडी पाण्यानें भरलेल्या बादलींत कांठापर्यंत वीस मिनिटें बुडवून ठेवावी आणि दोन दिवसांनीं पुन्हां तसेंच करावें. मुंग्या बिऱ्हाड हलवितात. कुंड्यांच्या मांडणीच्या पायांखालीं, पूर्वीं दुधाच्या जाळीच्या कपाटाखालीं ठेवीत तशा, पाण्याच्या वाट्या ठेवाव्या. मात्र आठवड्यांतून एकदां तें पाणी ओतून वाट्या घासाव्या. डेंग्यूचे डास अशाच पाण्यांत वाढतात.

एवढें करूनही उपद्रव राहिला तर चौथा उपाय आमिषाचा. वारुळांतील राणी जिवंत असेपर्यंत बाहेरच्या मुंग्या मारून फारसें साधत नाहीं. एका जातीची राणी तर प्रयोगशाळेंत २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. पण मुंगी आणलेलें अन्न तोंडांतून तोंडांत वांटते, आणि तें राणीपर्यंत पोंचतें. एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर, कोमट पाण्यांत चहाचे चार सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा टांकणखार विरघळवावा. टांकणखार वाढविला तर मुंगी वाटेंतच मरते आणि हेतु फसतो. या पाण्यांत भिजविलेला कापूस छिद्रें पाडलेल्या झांकणाच्या डबींत घालून ती रांगेजवळ ठेवावी. फळ यावयास एक-दोन आठवडे लागतात, धीर धरावा. टांकणखार मुलांना व पाळीव जनावरांना अपायकारक आहे, म्हणून डबीवर ठळक अक्षरांत 'विष' लिहावें आणि ती मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशी ठेवावी. हें पाणी मातींत ओतूं नये. झाडाच्या मुळांना तें बाधतें. पूर्वीं घरोघर मुंग्यांवर गॅमेक्झेनची पूड फांसीत. तिच्यावर भारतांत १९९७ सालीं बंदी आली. कोठें जुना डबा पडला असेल तर त्याला हात लावूं नका.

पांचवा उपाय म्हणजे कांहींच न करणें. अंगणाच्या कोपऱ्यांतलें मुंग्यांचें घर कोणाच्या पायांत येत नसेल, तर तें तसेंच राहूं द्यावें. मुंग्या माती पोखरून तींत हवा-पाणी खेळवितात. अळ्या, किड्यांचीं अंडीं आणि वाळवीही त्या उचलून नेतात. कोंकणांत आंब्या-काजूवर पानें शिवून घरटें करणारी तांबडी ओंबील असते. आपल्याच अळ्यांच्या तोंडांतून निघणाऱ्या रेशमानें ती पानें जोडते. इसवी सन ३०४ च्या सुमारचा मानला जाणारा एक चिनी ग्रंथ सांगतो कीं, संत्र्याच्या बागांत किडी माराव्या म्हणून अशा मुंग्यांचीं घरटीं बाजारांत विकत मिळत. ज्या मुंगीला आपण शत्रु म्हणतों, तिला कोणी पैसे देऊन घरीं नेत असत!

माझी लिंबोणी वांचली. पुढच्या वर्षीं तिनें फार नव्हे, पण लोणच्यापुरतीं लिंबें दिलीं. पट्टी दर पंधरा दिवसांनीं तपासतों. मुंग्या परसांत आहेतच, फक्त झाडावर नाहींत. नातू आतां शाळेंत जातो, आणि घरीं आला कीं भिंग घेऊन पानांची खालची बाजू पाहतो.

शाळेंत एखादें पोर रोज उशिरां येई, तेव्हां आरंभीं आरंभीं मी छडी उचलीत असें. पुढें विचारावयास शिकलों. कळे कीं कोणाची आई आजारी आहे, कोणाला पहांटे दूध घालावें लागतें. कारण कळलें कीं निम्म्या वेळां छडीची गरजच उरत नसे. मुंग्यांची रांग दिसली कीं आपणही आधीं तेवढें पान उलटून पाहावें, इतकीच विनंति.