पडद्यावरच्या दाण्यांचा माग

टू-डी इको चालू असताना पडद्यावर हृदय दिसतं ते करडं, दाणेदार. ते दाणे म्हणजे पेशी नव्हेत. स्नायूतल्या अतिसूक्ष्म रचनांवरून विखुरलेल्या ध्वनिलहरी कुठे एकमेकींचं बळ वाढवतात, कुठे एकमेकींना पुसून टाकतात. त्यातून हे ठिपके उमटतात. एडलर आणि हर्ट्झ यांनी १९५३ साली स्वीडनमधल्या लुंडला हृदयाचे पहिले प्रतिध्वनी टिपले. पुढे चित्रं सुधारली, तरी ही रवाळ छटा चित्र बिघडवणारीच मानली जाई.

पण स्नायूच्या प्रत्येक तुकड्याची ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, आणि ती एका चित्रातून पुढच्या चित्रात बऱ्याच अंशी टिकते! सेकंदाला ५० ते ८० चित्रं मिळाली की संगणक त्या नक्षीचा माग काढतो आणि स्नायू किती टक्के आखडला ते सांगतो. हाच स्ट्रेन. निरोगी डावा कप्पा लांबीत साधारण २० टक्के आखडतो. लांबी घटते म्हणून आकडा उणे लिहितात.

याचा अरुंद झालेल्या रक्तवाहिनीशी संबंध काय? हृदयाच्या धमन्या बाहेरून धावतात आणि फांद्या आत पाठवतात. सर्वांत आतला थर म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचं शेत: पाणी कमी सुटलं की आधी तेच सुकतं. शिवाय ठोक्याच्या वेळी सर्वाधिक दाब त्याच थरावर येतो. आणि लांबीत आखडणारे तंतू प्रामुख्याने तिथेच असतात. मधल्या थरातले आडवे तंतू मात्र काम रेटत राहतात, त्यामुळे रिपोर्टमध्ये ‘ई.एफ. ६० टक्के’ (म्हणजे दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती रक्त बाहेर पडतं) असा दिलासा असतानाही स्ट्रेन घटलेला असू शकतो.

मला सर्वांत थक्क करतो तो उशीर. महाधमनीची झडप मिटली, रक्त निघून गेलं, तरी उपाशी राहिलेला तुकडा त्यानंतरही आखडत असतो. डोळ्यांतून हा क्षणाचा फरक सहज निसटतो. स्ट्रेनच्या आलेखात तो स्पष्ट उमटतो. असे तुकडे पुढच्या भिंतीत आणि टोकाशी एकवटले असतील, तर संशय डाव्या बाजूच्या पुढच्या मोठ्या धमनीवर जातो.

संशयच, निदान नव्हे. स्ट्रेनला धमनी दिसत नाही, दिसतो तिचा परिणाम. जुना रक्तदाबही हा आकडा खाली आणतो, आणि धमनी बरीच अरुंद असूनही विश्रांतीत तो अगदी नॉर्मल येऊ शकतो. म्हणून छातीत दुखत असेल तर चांगल्या स्ट्रेनवर विसंबून घरी बसू नये. धमनी प्रत्यक्ष पाहायला सी.टी. किंवा अँजिओग्राफीच लागते.